रुग्णालयांतील श्रमविभाग

रुग्णालय म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम डॉक्टर उभा राहतो. वैद्यकाच्या इतिहासाचीं जीं पुस्तकें सामान्य वाचकाच्या हातीं येतात, त्यांतहि बहुधा मोठमोठ्या डॉक्टरांचींच चरित्रें आढळतात. एखाद्या लढाईचा इतिहास केवळ सेनापतीच्या नांवावर लिहावा, तसाच हा प्रकार आहे. वास्तविक पाहतां रोगी बरा होऊन घरीं जातो, तो एका माणसाच्या हातून क्वचितच. त्याचें रक्त तपासणारा निराळा, औषध मोजून देणारा निराळा, जखम बांधणारी निराळी, रात्रीं दर दोन तासांनीं नाडी पाहणारी निराळी, आणि अंथरूण बदलणारी व भांडें उचलणारी त्याहून निराळी. हे सर्व हात एकमेकांस जुळले तर रोगी वांचतो; मध्येंच एखादा दुवा निखळला तर अत्यंत कुशल शस्त्रवैद्याचें कौशल्यहि फुकट जातें.

आम्हां सोलापूरकरांस ही गोष्ट समजावून सांगण्याचें वस्तुतः कारण नसावें. हें गांव मागावर जगलें. एक चादर तयार व्हावयाची तर सूत रंगविणारा, ताणा करणारा, कांड्या भरणारी, माग चालविणारा आणि शेवटीं कडा शिवून घडी घालणारी, इतक्यांचे हात तिला लागतात. आमच्या शुक्रवार पेठेंत कोणासहि 'ही चादर कोणीं विणली ?' असें विचारलें, तर तो एकच नांव सांगणार नाहीं. परंतु 'तुम्हांस कोणीं बरें केलें ?' असें विचारलें, तर मात्र हटकून एकच नांव सांगितलें जातें.

श्रमविभागाचीं कारणें दोन. एक असें, कीं ज्ञान वाढत जातें आणि एका माणसाच्या डोक्यांत तें मावेनासें होतें. म्हणून कामें वांटून घ्यावीं लागतात. दुसरें असें, कीं पैसा अपुरा असतो. म्हणून जें काम थोड्या शिक्षणानें होण्यासारखें आहे, त्यावर फार शिकलेल्या आणि म्हणून महाग अशा माणसाचा वेळ खर्च करणें परवडत नाहीं. पहिल्या कारणाविषयीं कोणाचा वाद नाहीं. दुसऱ्याविषयीं मात्र आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षें वाद चालू आहे व तो अद्याप मिटलेला नाहीं. काटकसरीनें केलेली ही वांटणी म्हणजे गरिबाच्या पदरांत टाकलेलें दुय्यम वैद्यक, कीं तीच खऱ्या अर्थानें चांगली वैद्यकसेवा ? या प्रश्नाचें उत्तर नुसत्या तर्कानें देण्यापेक्षां आपल्याच प्रांताच्या इतिहासांत शोधावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

युरोपांत या विचारास वळण लागलें तें क्रिमियाच्या युद्धांत. १८५४ सालीं फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्या परिचारिकांसह तेथील लष्करी रुग्णालयांत गेल्या, तेव्हां जखमांपेक्षां अस्वच्छतेनें व सांथीनें अधिक शिपाई मरत होते. शुश्रूषा ही डॉक्टरीची लहान बहीण नसून एक स्वतंत्र विद्या आहे, हें त्यांनीं पुढें आकड्यांनीं मांडलें, आणि १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत त्यांच्या प्रेरणेनें परिचारिकांची शाळा निघाली. तेथपासून रुग्णालयांत डॉक्टरखेरीज दुसराहि कोणी जाणता मनुष्य असतो, ही कल्पना हळूहळू रुजूं लागली.

मुंबई इलाख्यांत निकड वेगळी होती. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं निघालें खरें. परंतु तेथून बाहेर पडणारे पदवीधर थोडे, आणि तालुक्याच्या गांवीं जाऊन राहण्यास तयार होणारे त्याहून थोडे. म्हणून सरकारी दवाखाने चालविण्यासाठीं 'हॉस्पिटल असिस्टंट' नांवाचा एक वर्ग ठेवावा लागला. १८७८ सालीं पुण्यास निघालेलें बैरामजी जिजीभाई मेडिकल स्कूल अशाच लोकांस तयार करी. थोडें शिक्षण, थोडा पगार आणि थोडा मान, अशी त्यांची स्थिति होती. पुढें त्यांस 'सब-असिस्टंट सर्जन' असें भारदस्त नांव मिळालें. पण त्या नांवांतील पहिले दोन शब्द त्यांची पायरी विसरूं देत नसत. तरीहि खेड्यापाड्यांतील लोकांनीं डॉक्टर म्हणून ज्यांस पाहिलें, ते बहुतेक हेच.

सरकारनें जें नाइलाजानें केलें, तेंच मिरजेंत एका मिशनरी डॉक्टरानें विचारपूर्वक केलें. कॅनडांत जन्मलेले विल्यम वानलेस १८८९ सालीं हिंदुस्थानांत आले व १८९४ सालीं त्यांनीं मिरजेस रुग्णालय उघडलें. गांव संस्थानी मुलखांतलें, पैसा बेताचा, आणि हाताशीं शिकलेलें माणूस जवळजवळ नाहींच. मिरज हें रेल्वेचें जंक्शन असल्यामुळें दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही बाजूंनीं रोग्यांची रीघ लागूं लागली. एकट्या शस्त्रवैद्यानें किती केलें तरी दिवसाचे तास वाढत नाहींत. वानलेस यांनीं १८९७ सालीं स्थानिक तरुणांस वैद्यकीय मदतनीस म्हणून शिकविण्यास आरंभ केला, आणि परिचारिकांचें शिक्षणहि तेथें सुरू झालें. जें काम दुसरा कोणी शिकून करूं शकेल तें त्यास शिकवावयाचें आणि आपला हात जेथें दुसरा हात चालणार नाहीं तेथें राखून ठेवावयाचा, अशी ही रीत होती. त्यांस १९२८ सालीं 'सर' ही पदवी मिळाली व १९३३ सालीं ते वारले. लोकांच्या स्मरणांत त्यांचा शस्त्रक्रियेचा हात राहिला आहे. परंतु तो हात चालता राहिला याचें श्रेय त्यांनींच घडविलेल्या कित्येक निनांवी हातांस आहे, हें सहसा कोणी सांगत नाहीं.

परिचारिकेचा प्रश्न मात्र याहून कठीण होता; कारण तो पैशाचा नव्हता, रूढीचा होता. परक्या पुरुषाच्या अंगास हात लावणें, मलमूत्र काढणें, रात्रपाळीस घराबाहेर राहणें, यांपैकीं एकेक गोष्ट पांढरपेशा घरांत अब्रह्मण्य समजली जात होती. १९०९ सालीं रमाबाई रानडे यांनीं गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्यानें पुण्यास सेवासदन काढलें, आणि त्या संस्थेनें आपल्या विद्यार्थिनी परिचर्या व प्रसूतिविद्या शिकण्यासाठीं ससून रुग्णालयांत धाडल्या. त्यांत विधवा पुष्कळ होत्या. आज या गोष्टीचें कोणास विशेष वाटणार नाहीं. त्या काळीं तें एक बंडच होतें. येथें एक भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे. आपल्या समाजास श्रमविभाग कोणी नव्यानें शिकविण्याची गरज नव्हती. सुईणीचें काम कोणीं करावें आणि मैला कोणीं उचलावा, हें आपल्याकडे शतकानुशतकें ठरलेलेंच होतें. मात्र तें जन्मानें ठरलेलें होतें. रुग्णालयानें तीच वांटणी शिक्षणानें ठरविण्यास आरंभ केला. डॉ. आंबेडकर यांनीं १९३६ सालीं जातिसंस्थेविषयीं असें प्रतिपादन केलें, कीं ती केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. हा भेद आम्हांस रुग्णालयाच्या इतिहासांतहि पदोपदीं उपयोगी पडतो. कामें वेगळीं असणें निराळें, आणि कामें करणारीं माणसें उंच-नीच पायऱ्यांवर कायमचीं बांधून ठेवणें निराळें. पहिल्यानें रुग्णालय चालतें. दुसऱ्यानें तें आंतून पोखरतें.

आतां सोलापूरकडे वळूं. १९२६ सालीं मुंबईंत परळ येथें राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय व त्यास जोडलेलें गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज सुरू झालें. तेथील अध्यापकवर्ग हिंदी असावा, ही देणगीदारांची अट होती. मोठ्या डॉक्टरांनीं आपला खाजगी व्यवसाय संभाळून दिवसाचे कांहीं तास मानसेवा करावी आणि बाकीचा भार तरुण निवासी डॉक्टरांनीं व परिचारिकांनीं वाहावा, अशी तेथील व्यवस्था होती. गरीब शहरास मोठी विद्या स्वस्तांत मिळवून देण्याची ती एक युक्तिच होती. याच कॉलेजांतून द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे आमच्या गांवचे गृहस्थ डॉक्टर झाले. त्यांचा जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१० चा.

१९३८ सालीं हिंदुस्थानांतून चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकांत पांच डॉक्टर होते : अटल, नागपूरचे चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. पुढें चौघे परत आले, कोटणीस राहिले. त्यांची कथा १९४६ सालीं व्ही. शांताराम यांच्या चित्रपटानें घरोघर पोंचविली, आणि ती त्यागाची कथा म्हणूनच आपण आजवर ऐकत आलों. ती त्यागाची आहेच. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्यास तींत आणखी एक गोष्ट दिसते. उत्तर चीनच्या ज्या डोंगराळ टापूंत कोटणीस काम करीत होते, तेथें त्यांच्यापूर्वीं नॉर्मन बेथ्यून हा कॅनडाचा शस्त्रवैद्य काम करून गेला होता. त्यानें १९३८ च्या सप्टेंबरांत एक आदर्श रुग्णालय बांधून उघडलें, आणि थोड्याच दिवसांत तें शत्रूच्या हातून नष्ट झालें. तेव्हां रुग्णालय म्हणजे इमारत नव्हे, शिकलेलीं माणसें होत, असा धडा त्यानें घेतला. शस्त्रक्रियेचें सामान खेचरांवर लादलें, आणि शेतकऱ्यांच्या पोरांस मलमपट्टी, निर्जंतुकीकरण व शुश्रूषा शिकविण्यासाठीं पुस्तिका लिहिल्या. १९३९ च्या नोव्हेंबरांत शस्त्रक्रिया करतांना बोटास झालेल्या जखमेंतून विष भिनून तो वारला.

१९४१ च्या जानेवारींत त्याच्या नांवानें चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांति रुग्णालयाचे प्रमुख म्हणून कोटणीस यांची नेमणूक झाली. तोंपर्यंत ते चिनी भाषा शिकले होते व त्याच भाषेंत शिकवीत होते. शस्त्रक्रियेवरील पाठ्यपुस्तकहि त्यांनीं हातीं घेतलें होतें. त्यांच्या पत्नी ग्वो छिंगलान या स्वतः परिचारिका व परिचारिकांच्या शिक्षिका होत्या. म्हणजे हा संसारच मुळीं रुग्णालयांतील दोन विद्यांचा होता. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या ३२ व्या वर्षीं, कोटणीस वारले. एका परक्या देशांत, युद्धाच्या धामधुमींत, औषधांचा तुटवडा असतां, एकटा मनुष्य किती शस्त्रक्रिया करूं शकेल ? त्यांनीं केल्या त्या पुष्कळच. पण त्यांच्या मागें काम चालूं राहिलें तें त्यांनीं शिकविलेल्या माणसांमुळें. स्मारकाजवळून जातांना आम्हांस नेहमीं वाटतें, कीं हा पुतळा एकट्याचा आहे, परंतु त्या एकट्याचें मोठेपण दुसऱ्यांस तयार करण्यांत होतें.

कोटणीस वारले त्याच्या पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९४३ सालीं, हिंदुस्थान सरकारनें सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं आरोग्याच्या पाहणीसाठीं समिति नेमली. तिचा अहवाल १९४६ सालीं निघाला. त्यांतील दोन आकडे वाचकांनीं शेजारीं ठेवून पाहावे. देशांत दर ६,३०० माणसांमागें एक डॉक्टर होता, आणि दर ४३,००० माणसांमागें एक परिचारिका. म्हणजे सात डॉक्टरांच्या वांट्यास मिळून एक परिचारिका ! समितीनें १९७१ पर्यंत गांठावयाचें जें उद्दिष्ट सुचविलें, त्यांत दर २,००० माणसांस एक डॉक्टर व दर ५०० माणसांस एक परिचारिका हवी होती. म्हणजे एका डॉक्टरामागें चार परिचारिका. हें प्रमाण नुसतें सुधारावयाचें नव्हतें, तें पूर्णपणें उलटें करावयाचें होतें. तात्पुरती योजना म्हणून ४०,००० वस्तीसाठीं जें प्राथमिक आरोग्य केंद्र समितीनें आंखलें, त्यांत डॉक्टर २, सार्वजनिक आरोग्याच्या परिचारिका ४, रुग्णालयाची परिचारिका १, सुईणी ४, शिकविलेल्या दाया ४, स्वच्छता निरीक्षक २, आरोग्य साहाय्यक २, औषधनिर्माता १ आणि इतर नोकर १५ अशीं ३५ माणसें होतीं. पस्तीसांत दोन डॉक्टर ! श्रमविभागाचें इतकें स्पष्ट चित्र आपल्याकडे यापूर्वीं कोणी कागदावर काढलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

परंतु याच समितीनें दुसऱ्या बाजूनें एक दार बंद केलें. त्या वेळीं देशांत जे सुमारें ४७,५०० डॉक्टर होते, त्यांपैकीं जवळजवळ ३०,००० हे पदवीधर नव्हते. ते मेडिकल स्कुलांतून निघालेले परवानाधारक होते. समितीच्या बहुमताचा कौल असा, कीं यापुढें डॉक्टर एकाच दर्जाचा असावा व तो पदवीधर असावा. कांहीं सभासदांनीं भिन्न मत नोंदविलें. डॉक्टरांची एवढी टंचाई असतां हा वर्ग बंद करणें परवडणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. पुण्याच्या मेडिकल स्कूलचें १९४६ सालींच कॉलेज झालें. बहुमताच्या बाजूस नीतीचा जोर होता, हें कबूल केलें पाहिजे. खेडुताच्या वांट्यास कमी शिकलेला डॉक्टर आणि शहरवाल्याच्या वांट्यास पूर्ण शिकलेला, ही विषमता स्वतंत्र होऊं घातलेल्या देशाच्या स्वाभिमानास टोंचणारी होती. पण परिणाम काय झाला ? पूर्ण शिकलेला डॉक्टर शहरांत राहिला आणि खेडें पुष्कळ ठिकाणीं रिकामें राहिलें. १९६३ सालीं आमच्या सोलापुरांतहि वैद्यकीय महाविद्यालय झालें व त्यानें पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर दिले. तरी कॉलेजांच्या संख्येनें एकट्यानें हा प्रश्न सुटत नाहीं, हें सर्व महाराष्ट्राच्या अनुभवास आलें. २०१९ सालच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यानें मर्यादित परवाना असलेल्या मधल्या पायरीच्या आरोग्यसेवकाची तरतूद पुन्हां केली, आणि डॉक्टरांच्या संघटनांनीं तिला कडाडून विरोध केला. त्र्याहत्तर वर्षांनीं वाद जेथून निघाला होता तेथेंच परत आला.

या वादांतून वाट काढणारा प्रयोग सोलापूरच्या शेजारींच झाला. १९७० सालीं रजनीकांत व मेबल आरोळे हें डॉक्टर दांपत्य नगर जिल्ह्यांतील जामखेड येथें आलें. गुरांच्या जुन्या दवाखान्यांत त्यांनीं कामास आरंभ केला. त्यांची पहिली कल्पना अशी होती, कीं शिकलेल्या साहाय्यक परिचारिका खेड्यांत ठेवाव्या. ती फसली. परगांवच्या तरुण मुली खेड्यांत एकट्या राहावयास धजेनात, आणि गांवहि त्यांचें ऐकेना. तेव्हां त्यांनीं गांवासच आपली बाई निवडावयास सांगितलें. अशा निवडलेल्या बायका बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, कित्येक नवऱ्यानें टाकलेल्या. त्या दर आठवड्यास जामखेडास येऊन शिकत व शिकलेलें गांवीं जाऊन वापरीत. त्यांच्यावर परिचारिका, समाजसेवक व डॉक्टर यांचें फिरतें पथक, आणि त्याच्यावर जामखेडचें रुग्णालय, अशी तीन पायऱ्यांची रचना होती. १९७१ च्या सुमारास त्या भागांत हजार जन्मांमागें १७६ अर्भकें वर्षाच्या आंत दगावत; पुढील पंचवीस वर्षांत हा आंकडा तिशीच्या खालीं आला. १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. त्यांच्या आरोग्य कार्यकर्त्यांपैकीं मुक्ताबाई पोळ यांनीं अमेरिकेंतील एका परिषदेंत डॉक्टरास झुंबराची आणि स्वतःस साध्या दिव्याची उपमा दिली होती. झुंबर सुंदर, पण महाग आणि एका जागीं टांगलेलें. दिवा साधा, पण एकापासून दुसरा लावतां येणारा, असा तिचा भावार्थ. आमच्या मतें या सबंध विषयावर याहून नेमकें कोणी बोललें नाहीं.

हीच कल्पना सरकारनें उचलली तेव्हां काय झालें, हेंहि पाहिलें पाहिजे. कारण इतिहास म्हणजे यशांची यादी नव्हे. २ ऑक्टोबर १९७७ रोजीं देशभर गांवोगांव एकेक आरोग्यरक्षक नेमण्याची योजना सुरू झाली. शिक्षण तीन महिन्यांचें, मानधन महिना ५० रुपयांचें. निवडलेल्यांत बहुसंख्य पुरुष होते, बाळंतीण व मूल यांच्यापर्यंत ज्यांचा हात पोंचणारच नव्हता असे. पुढें योजनेचीं नांवें बदललीं, पण ती हळूहळू वाळून गेली. जामखेडांत बाई दर आठवड्यास शिकावयास येई व तिला तिच्या चुका सांगणारें माणूस ओळखीचें असे. सरकारी योजनेंत शिक्षण एकदां आटोपलें कीं आटोपलें. वरवर पाहतां दोन्हीकडे 'कमी शिकलेला स्वस्त माणूस' होता. भेद होता तो त्याच्यामागें शिकविणारा उभा आहे कीं नाहीं, याचा.

हाच निष्कर्ष गडचिरोलीनें शास्त्रीय कसोटीवर घासून दिला. डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनें ३९ गांवांत थोड्या शिकलेल्या बायकांस नवजात अर्भकाची घरच्या घरीं काळजी घेण्यास शिकविलें. अर्भकाचें वजन करणें, ऊब देणें, श्वास मोजणें, आणि जंतुदोषाचीं चिन्हें दिसतांच ठराविक औषध देणें. त्या वेळीं हें शेवटचें काम डॉक्टरखेरीज कोणीं करणें अनेकांस धाडसाचें वाटत होतें. १९९९ सालीं 'लॅन्सेट' या साप्ताहिकासारख्या मान्यवर वैद्यकीय पत्रांत त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. तुलनेच्या गांवांशीं ताडून पाहतां नवजात मृत्यूंचें प्रमाण ६२ टक्क्यांनीं उतरलें होतें. २०११ सालीं केंद्र सरकारनें घरपोंच नवजात काळजीचें काम आशा कार्यकर्त्यांकडे देशभर सोंपविलें.

येथवर आमचा वाचक म्हणेल, 'मग प्रश्न सुटला. थोडें शिकविलेलीं स्वस्त माणसें नेमावीं, आणि खर्च वांचवावा.' नेमकी हीच समजूत धोक्याची आहे, आणि तिच्याविषयीं बोलण्यासाठींच हा लेख लिहिला. कांहीं वर्षांपूर्वीं एका आप्ताच्या आजारांत आम्हांस एका रुग्णालयांत आठ रात्री काढाव्या लागल्या. तिसाहून अधिक खाटांच्या दालनास रात्रीं एक सिस्टर आणि एक मावशी. एका रात्रीं शेजारच्या खाटेवरील म्हातारे गृहस्थ असंबद्ध बोलूं लागले. तें प्रथम ध्यानांत आलें मावशींच्या. 'यांचे हात गार लागताहेत,' असें त्यांनीं सिस्टरांस सांगितलें. सिस्टर येऊन पाहून गेल्या; पण डॉक्टरांस उठवावें कीं नाहीं, याचा त्यांस निर्णय होईना. आदल्या रात्रीं 'क्षुल्लक' कारणासाठीं उठविल्याबद्दल त्यांस बोल लागला होता. या विचारांत पाऊण तास गेला. ते गृहस्थ वांचले. परंतु पहांटे त्यांस अतिदक्षता विभागांत हलवावें लागलें. त्या रात्रीं त्या रुग्णालयांत ज्ञान कमी नव्हतें. तें मावशींजवळ होतें, सिस्टरांजवळ होतें, डॉक्टरांजवळहि होतें. फक्त एकापासून दुसऱ्यापर्यंत जाण्याची त्यास वाट नव्हती.

जगभरच्या अनुभवानें याच गोष्टीस पुष्टि दिली आहे. २००९ सालीं आठ देशांतील आठ रुग्णालयांचा, त्यांत दिल्लीचेंहि एक होतें, असा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेपूर्वीं व नंतर सर्वांनीं मिळून एक छोटी यादी मोठ्यानें वाचावी, त्यांत प्रत्येकानें आपलें नांव व काम सांगावें, आणि परिचारिकेनें कांहीं शंका असल्यास ती उघड बोलावी, एवढाच तो उपचार. त्यानें शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १.५ वरून ०.८ वर आलें. यंत्र नवें नाहीं, औषध नवें नाहीं. केवळ एकमेकांशीं बोलणें. दुसरा अभ्यास २०१४ चा. युरोपांतील नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांची पाहणी करून लिंडा एकन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें दाखविलें, कीं शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांत परिचारिकेच्या वांट्यास एक रोगी अधिक आला, कीं तीस दिवसांच्या आंत मृत्यु येण्याचा संभव ७ टक्क्यांनीं वाढतो. तेव्हां परिचारिका कमी करून वांचविलेला पैसा हा वांचविलेला पैसा नव्हे. तो फक्त दुसऱ्या खात्यावर, म्हणजे रोग्याच्या खात्यावर, नांवें टाकलेला असतो.

या सर्व इतिहासावरून आम्ही जें अनुमान काढतों तें असें. कमी खर्चाचा श्रमविभाग हितकर ठरला, तेथें चार गोष्टी आढळतात. प्रत्येकाचें काम व त्या कामाची सीमा ठरलेली होती. शिकविणारा शिकवून निघून गेला नव्हता. खालच्या पायरीवरच्या माणसाचें ऐकून घेतलें जात होतें. आणि चौथी गोष्ट अशी, कीं काटकसर कामाच्या वांटणींतून साधलेली होती. अर्धपोटीं माणसांच्या पगारांतून नव्हे. पहिल्या तीन गोष्टी मिरजेंत, बेथ्यूनच्या रुग्णालयांत, जामखेडांत व गडचिरोलींत कमीअधिक प्रमाणांत होत्या. चौथीविषयीं मात्र आपला इतिहास फारसा अभिमानास्पद नाहीं. हॉस्पिटल असिस्टंटच्या तुटपुंज्या पगारापासून १९७७ च्या पन्नास रुपयांपर्यंत, आणि तेथून आशा कार्यकर्त्यांच्या मानधनापर्यंत, ओघ एकच आहे. २००५ सालीं ही योजना निघाली तेव्हांच आशा कार्यकर्तीस नोकर न म्हणतां स्वयंसेविका म्हटलें गेलें. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें या दहा लाखांच्या आसपास असलेल्या बायकांचा गौरव केला. आणि त्याच्या आधींच्या व नंतरच्या वर्षीं, २०२१ व २०२३ सालीं, महाराष्ट्रांतल्या आशांस मोबदल्यासाठीं संप करावा लागला. गौरव व संप यांचें हें साहचर्य आपण विचार करावा असें आहे.

कोणी म्हणेल, हें सारें सरकारनें व रुग्णालयाच्या चालकांनीं पाहावयाचें. आम्हीं गृहस्थांनीं काय करावें? आम्हांस असें वाटतें, कीं आपण निदान विचारावयाचे प्रश्न बदलावे. आपल्या घरचा मनुष्य रुग्णालयांत ठेवतांना आपण डॉक्टर कोण, त्यांची पदवी काय, खोलीचें भाडें किती, एवढें विचारतों. रात्रीं किती खाटांमागें एक परिचारिका असते, आणि तिनें डॉक्टरांस उठविलें तर तिला बोल लागतो कीं काय, हें आपण विचारीत नाहीं. हा प्रश्न दहा घरांनीं विचारला तर चालकांस त्याचें उत्तर तयार ठेवावें लागेल.

मराठी रोग्याची एक मोठी मार्मिक संवय आहे. तो डॉक्टरांस 'डॉक्टरसाहेब' म्हणतो. परंतु परिचारिका त्याची 'सिस्टर' होते, अंथरूण बदलणारी 'मावशी' होते, आणि खाट ढकलणारा 'मामा' होतो. दुखणाईत मनुष्य ज्यांच्या हातांवर खरोखर विसंबतो, त्यांस तो न शिकवितां नात्यानें हांक मारतो. घरीं जातांना त्याच्या हातांत जें बिल पडतें, त्यांत डॉक्टरांचें नांव असतें, औषधांचीं असतात, खोलीचा क्रमांकहि असतो, मावशींचें नसतें. त्या रात्रीं आमच्या शेजारच्या खाटेवर जे गृहस्थ होते, त्यांचे हात गार झाल्याचें प्रथम जाणणाऱ्या मावशींचें नांव आम्हांसहि तेव्हां विचारावेसें वाटलें नाहीं, हें येथें कबूल करून हा लेख पुरा करतों.